साखरेचा जमाखर्च

(एका सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय गुलामांचा व्यापार हा आहे. परंतु सुरवात मी गुऱ्हाळापासून करणार आहें. आपल्यापैकीं पुष्कळांनीं गुऱ्हाळ पाहिलें आहे. घाण्यांत ऊंस घालणारा, काहिलीखालीं जाळ लावणारा, मळी काढणारा आणि शेवटीं पाक पाहून काहील उतरविणारा गुळव्या, हीं सारीं माणसें आपल्या ओळखीचीं आहेत. तोडलेला ऊंस लवकर गाळावा लागतो, नाहीं तर रस नासतो. आणि एकदां घाणा सुरू झाला म्हणजे रात्र झाली कीं दिवस उगवला हें कोणी विचारीत नाहीं, हेंहि आपणांस ठाऊक आहे. एवढें ज्याला कळतें त्याला आजचा इतिहास समजण्यास कोणा पंडिताची गरज नाहीं.

युरोपांतील राष्ट्रांनीं अमेरिका खंड कसा घेतला, आफ्रिका खंडांतील माणसें कशीं नेलीं, आणि सर्व जगाचा व्यापार एका दोरींत कसा ओंवला, हें आपण शाळेच्या पुस्तकांत वाचतों. तेथें कोलंबसाचें धाडस असतें, वास्को द गामाची सफर असते, बंदरें, जहाजें, कंपन्या व सनदा असतात. पण दुकानाची वही तपासतांना नुसती जमेची बाजू पाहून कोणी शहाणा माणूस उठतो काय? या व्यापाराच्या वहींत जमेची बाजू ठळक अक्षरांनीं लिहिलेली आहे. आणि ही जमा कोणाच्या अंगावरचें कातडें काढून झाली, हें सांगणारी बाजू पुष्कळ वर्षें कोरी ठेवण्यांत आली. आज आपणांस ती कोरी बाजू वाचावयाची आहे.

साखर ही मूळची आपल्याकडची विद्या. उंसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची कृति हिंदुस्थानांत प्राचीन काळींच सिद्ध झाली होती. संस्कृत ‘शर्करा’ इराणांत ‘शकर’ झाली, अरबांनीं तिला ‘सुक्कर’ म्हटलें, स्पॅनिश लोकांनीं ‘अझुकार’ केलें, आणि इंग्रजांकडे तीच ‘शुगर’ होऊन बसली. आपली ‘खांड’ त्यांच्याकडे ‘कँडी’ झाली. अरबांनीं ऊंस भूमध्य समुद्राच्या कांठापर्यंत नेला. पुढें पोर्तुगीज लोकांनीं तो अटलांटिक महासागरांतील मदीरा बेटावर, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर लावला. तेथें एक नवी पद्धत जन्मास आली. जमीन एका ठिकाणची, ऊंस दुसऱ्या ठिकाणचा, मजूर तिसऱ्याच मुलखांतून बांधून आणलेले, आणि नफा मात्र लिस्बन शहराचा! पुढें चारशें वर्षें जें घडलें त्याचा नमुना हाच.

१४४४ सालीं पोर्तुगालमधील लागोस बंदरांत २३५ आफ्रिकन बंदी जहाजांतून उतरविण्यांत आले. त्यांचे वांटे घालतांना आईपासून मूल, नवऱ्यापासून बायको आणि भावापासून भाऊ तोडला गेला. त्या वेळचा आक्रोश कोणा शत्रूनें नव्हे, तर पोर्तुगालच्या राजाच्या बखरकारानेंच लिहून ठेविला आहे. त्यानंतर १४५२ सालीं पोप पांचवा निकोलस यानें पोर्तुगालच्या राजाला मुसलमान व मूर्तिपूजक लोकांना जिंकून कायमचें दास करण्याची मुभा दिली, व १४५५ सालीं ती पुन्हां पक्की केली. म्हणजे बाजार आधीं भरला, आणि धर्माची आज्ञा आठ वर्षांनीं आली. बंधूंनो, हा क्रम ध्यानांत ठेवा. तो पुढें पुन्हां पुन्हां दिसणार आहे.

१४९२ सालीं कोलंबस हिंदुस्थानची वाट शोधीत निघाला आणि कॅरिबियन समुद्रांतील बेटांवर जाऊन पोंचला. १४९३ सालच्या दुसऱ्या सफरींत त्यानें हिस्पॅनिओला बेटावर ऊंस नेला. आज ज्या बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक अशीं दोन राज्यें आहेत तेंच हें बेट. तेथें ताईनो नांवाचे लोक रहात होते. स्पॅनिश अंमलदारांनीं त्यांच्या वांटण्या केल्या. अमक्या गोऱ्याला इतकीं माणसें, तमक्याला तितकीं. सोन्याच्या खाणींत वेठ, शेतावर वेठ, पोटाला अर्धवट अन्न, आणि त्यांत युरोपांतून आलेले देवीसारखे रोग. १५१४ सालच्या वांटणींत सुमारें २६ हजारच ताईनो मोजले गेले, आणि त्यानंतर थोड्याच काळांत त्यांची वस्ती म्हणण्यासारखी उरली नाहीं.

त्या अंधारांतहि कोणी बोललें नाहीं असें नाहीं. १५११ सालीं अंतोनियो दे माँतेसिनोस या पाद्र्यानें देवळांत उभें राहून गोऱ्या मालकांना तोंडावर विचारलें कीं, हीं तुम्हांला माणसें दिसत नाहींत काय? बार्तोलोमे दे लास कासास हा गृहस्थ स्वतः अशी वांटणी घेऊन बसला होता; त्यानें ती सोडून दिली आणि पुढचें सारें आयुष्य तेथील मूळच्या लोकांच्या बाजूनें झगडण्यांत घालविलें. १५५० व १५५१ या सालीं स्पेनमधील वलादोलिद शहरांत त्याचा व सेपुल्वेदा नांवाच्या पंडिताचा मोठा वाद झाला. सेपुल्वेदाचें म्हणणें असें कीं, कांहीं लोक निसर्गतःच दास म्हणून जन्मास येतात. आणि याला आधार काय, तर ॲरिस्टॉटलचा ग्रंथ! म्हणजे ज्यांनीं अमेरिका खंडांत लाखों लोकांची मोठमोठीं नगरें वसविलीं होतीं, ते लोक दास कीं माणसें, याचा निकाल दोन हजार वर्षांपूर्वीं वारलेल्या एका ग्रीक माणसाच्या पोथीवरून व्हावयाचा होता.

पण लास कासासचीहि एक चूक येथें सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या उपयोगाची आहे. ताईनो लोकांचे हाल पाहून त्याचें काळीज तुटलें, आणि आरंभीं त्यानेंच सुचविलें कीं, यांना मोकळें करावें व कामाला आफ्रिकेंतून गुलाम आणावे. पुढें त्याला याचा पश्चात्ताप झाला, आणि तो त्यानें स्वतःच्या हातानें लिहूनहि ठेविला. परंतु तोंपर्यंत जहाजें सुटलेलीं होतीं. एकाच्या पायांतली बेडी काढून दुसऱ्याच्या पायांत अडकविणें याला सुटका म्हणत नाहींत. जो कोणी एका समाजाच्या मुक्तीसाठीं झटतो त्यानें हें वाक्य उशाशीं ठेवून निजावें.

आतां या व्यापाराचें चक्र कसें फिरे तें पहा. लिव्हरपूल, ब्रिस्टल किंवा फ्रान्समधील नांत येथून जहाज निघे. त्यांत बंदुका, दारू, लोखंडाच्या कांबी, कापड व कवड्या भरलेल्या असत. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा माल उतरवून त्याच्या बदल्यांत माणसें भरावयाचीं. तीं अमेरिकेंत किंवा वेस्ट इंडीज बेटांवर विकावयाचीं. तेथून साखर, उंसाच्या मळीची दारू, तंबाखू, पुढें कापूस, असा माल भरून जहाज घरीं परत यावयाचें. तीन ठिकाणीं माल उतरला, आणि तिन्ही ठिकाणीं नफा झाला.

या चक्रांत आपला देशहि गुंतलेला होता, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जें कापड खपे त्यांत गुजराथचें व चोळमंडल किनाऱ्याचें सुती कापड फार मोलाचें समजत. युरोपियन कंपन्या तें येथून नेत आणि तेथें माणसांच्या बदल्यांत देत. तसेंच कवड्यांचें. मालदीव बेटांतील कवड्या बंगाल व सिंहलद्वीप या मार्गांनीं, जहाज डोलूं नये म्हणून तळाशीं भार म्हणून टाकून, लंडन व ॲमस्टरडॅम येथें नेत, आणि तेथून त्या आफ्रिकेंत जात, कारण तिकडच्या पुष्कळ मुलखांत कवडी हेंच चलन होतें. आपण ‘कवडीमोल’ हा शब्द सहज बोलून जातों. त्या किनाऱ्यावर माणसाचें मोल खरोखरीच कवड्यांनीं मोजलें जात होतें! भडोच-सुरतेकडच्या विणकराला आपलें कापड शेवटीं कोणाच्या बदल्यांत दिलें जातें हें कळण्यास मार्ग नव्हता. मोठ्या व्यापाराचें हेंच तर कसब आहे. हात राबतो, पण त्या हाताला आपण कोणत्या कामांत भागीदार झालों याचा पत्ता नसतो.

आणि आफ्रिकेंतील राजांचें काय? कित्येक राजांनीं व व्यापाऱ्यांनीं शेजारचीं माणसें धरून विकलीं, हें लपविण्याचें कारण नाहीं. दाहोमेसारखीं राज्यें या धंद्यावर बलाढ्य झालीं. पण तिकडेहि विरोधाचा आवाज उठला होता. कोंगो देशाचा राजा अफोन्सो यानें १५२६ सालीं पोर्तुगालच्या राजाला पत्रें लिहून तक्रार केली कीं, तुमचे व्यापारी आमच्या रयतेला, इतकेंच काय, आमच्या सरदारांच्या मुलांनाहि चोरून नेत आहेत आणि देश ओस पडत चालला आहे. हा राजा स्वतः ख्रिस्ती झालेला होता. धर्म एक झाला, तरी बाजारभाव बदलला नाहीं!

विद्वानांनीं हजारों जहाजांच्या नोंदी जुळवून काढलेला हिशेब असा आहे कीं, या सर्व काळांत सुमारें सव्वा कोटि माणसें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत भरण्यांत आलीं, आणि त्यांपैकीं सुमारें एक कोटि सात लाख जिवंत उतरलीं. राहिलेलीं अठरा लाख समुद्रांत गेलीं. किनाऱ्यावर पोंचण्यापूर्वीं रस्त्यांत, छाप्यांत व कोंडवाड्यांत जीं मेलीं त्यांची नोंद कोणाच्याच वहींत नाहीं.

जहाजाची रचना कशी होती हें सांगतों. ब्रुक्स नांवाच्या इंग्रजी जहाजाचा नकाशा १७८८ सालीं छापून प्रसिद्ध झाला. त्या वर्षाच्या नव्या कायद्याप्रमाणें या जहाजावर ४५४ माणसें नेण्यास परवानगी होती. तेवढीं नकाशांत काढून दाखविलीं, तर कूस बदलण्यासहि जागा उरली नाहीं. आणि कायदा होण्यापूर्वीं तेंच जहाज सहाशेंच्या वर माणसें नेत असे! बेड्या घातलेल्या स्थितींत दीड-दोन महिन्यांचा प्रवास. आपण लग्नाच्या वऱ्हाडांत एक रात्र गाडींत दाटीनें बसलों तर चार दिवस अंग दुखतें.

याहून भयंकर गोष्ट झाँग नांवाच्या जहाजाची. १७८१ सालीं हें जहाज वाट चुकलें, आणि पाणी पुरणार नाहीं असें कारण सांगून खलाशांनीं सुमारें १३० जिवंत माणसें समुद्रांत फेंकून दिलीं. त्यानंतर मालकांनीं काय केलें? विमा कंपनीवर दर माणसामागें ३० पौंडांचा दावा लावला! आजारानें गुलाम मेला तर विमा मिळत नसे. जहाज वांचविण्यासाठीं माल टाकावा लागला तर मिळे. १७८३ सालीं लंडनच्या कोर्टांत हा खटला चालला, आणि पहिल्या निकालांत मालक जिंकले. पुढें फेरतपासणीचा हुकूम झाला, मधल्या काळांत पाऊस पडून पाणी मिळालें होतें हेंहि बाहेर आलें. परंतु खुनाबद्दल एकालाहि शिक्षा झाली नाहीं. खटला माणसांचा नव्हताच; तो मालाच्या नुकसानीचा होता.

जीं जगलीं तीं उंसाच्या मळ्यांत गेलीं. आपलें गुऱ्हाळ डोळ्यांपुढें आणा, आणि त्यांतून मजुरी काढून टाका, सुट्टी काढून टाका, घरीं जाण्याचा हक्क काढून टाका. तोडणीच्या हंगामांत तेथें घाणे रात्रंदिवस चालत. झोपेनें पेंगुळलेल्या माणसाचीं बोटें ऊंस घालतांना लाटांत सांपडत, म्हणून घाण्याशेजारीं कुऱ्हाड ठेवलेली असे. घाणा थांबविण्यापेक्षां हात तोडणें स्वस्त पडे! इंग्रजांच्या ताब्यांतील वेस्ट इंडीज बेटांवर सुमारें २३ लाख आफ्रिकन उतरविण्यांत आले. त्यांतले कांहीं पुढें परक्या मुलखांत विकले गेले हें खरें; पण १८३४ सालीं त्या बेटांवर मोजलेले गुलाम किती, तर अवघे साडेसहा लाखांच्या आसपास. पिढ्यान् पिढ्या माणसें वाढावयाचीं तीं घटलीं. मूल जन्मास घालून वाढविण्यापेक्षां नवा गुलाम विकत घेणें परवडतें, असा हिशेब मळेवाले उघडपणें करीत. आणि इकडे इंग्लंडांत १७०० सालीं माणशीं वर्षाला सुमारें ४ पौंड साखर लागे, ती १८०० सालापर्यंत १८ पौंडांवर गेली. इकडे चहाचा पेला गोड झाला, आणि तिकडे कबरी वाढल्या.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें १६८५ सालीं गुलामांसाठीं एक कायदा केला. त्यांत गुलामाला बाप्तिस्मा द्यावा असें सांगितलें होतें, आणि त्याच कायद्यांत गुलाम ही जंगम मालमत्ता असेंहि ठरविलें होतें. पळालेल्या गुलामाचे पहिल्या वेळीं कान कापून डाग द्यावा, दुसऱ्या वेळीं पायाची शीर तोडावी, तिसऱ्या वेळीं जीव घ्यावा. आत्म्यासाठीं स्वर्ग, आणि शरीरासाठीं ही व्यवस्था!

आतां मी आजच्या मुख्य मुद्द्यावर येतों. इतक्या माणसांना जनावरांप्रमाणें वागविणाऱ्या लोकांना रात्रीं झोंप कशी येत होती? ते सगळेच राक्षस नव्हते. त्यांना मुलेंबाळें होतीं, ते प्रार्थना करीत, दानधर्म करीत. त्यांना झोंप येत होती ती पोथीमुळें. बायबलांत नोहा व त्याचा मुलगा हॅम यांची एक कथा आहे. त्यांत नोहानें हॅमच्या वंशाला दास होण्याचा शाप दिला. त्या कथेंत काळ्या रंगाचें नांव नाहीं. तरी काळे लोक म्हणजे हॅमची शापित संतति, असा अर्थ लावून देण्यांत आला. म्हणजे चाबूक मारणारा निर्दोष, आणि चाबूक खाणाराच जन्माचा अपराधी!

अमेरिकेंतील व्हर्जिनिया वसाहतीचे कायदे पाहिले म्हणजे ही कारागिरी स्पष्ट दिसते. १६६२ सालीं कायदा झाला कीं, मुलाचा दर्जा आईवरून ठरावा. कशासाठीं? गोऱ्या मालकापासून गुलाम बाईला मूल झालें तर तेंहि मालकाच्या मालमत्तेंत जमा व्हावें म्हणून. गुलाम ख्रिस्ती झाला तर त्याला गुलाम कसें ठेवतां येईल, अशी शंका निघाली. तेव्हां १६६७ सालीं कायदा झाला कीं, बाप्तिस्मा घेतल्यानें गुलामगिरी सुटत नाहीं. आधीं म्हणावयाचें, ते मूर्तिपूजक आहेत म्हणून गुलाम. ते ख्रिस्ती झाले कीं म्हणावयाचें, ते काळे आहेत म्हणून गुलाम. कारण बदललें, पण गुलाम तोच आणि मालकहि तोच. सबब, माणूस जन्मानें नीच आहे असें कोणी सांगूं लागला म्हणजे त्याच्याशीं पोथीवर वाद घालण्यापूर्वीं त्याची वही मागावी. या म्हणण्यानें जमा कोणाच्या नांवावर होते तें पहावें. बहुतेक वेळां उत्तर तेथेंच सांपडतें.

आणि या पोथीला सर्वांत मोठें भय कशाचें होतें? विद्येचें! १७४० सालीं अमेरिकेंतील साउथ कॅरोलायना वसाहतीनें गुलामाला लिहावयास शिकविणाऱ्याला शंभर पौंड दंड ठेविला. फ्रेडरिक डग्लस हा मुलगा गुलाम असतांना त्याच्या मालकिणीनें त्याला मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला. तिच्या नवऱ्यानें तें तात्काळ बंद पाडलें. पोर शहाणें होतें. ज्या गोष्टीला मालक इतका भितो तींतच आपली सुटका आहे, हें त्यानें तेव्हांच ओळखलें. तो चोरून शिकला, पळून मोकळा झाला, आणि १८४५ सालीं त्यानें लिहिलेलें आत्मचरित्र अमेरिकेंतील गुलामगिरीवरचा मोठा घाव ठरलें. मायभगिनींनो, मुलीची पाटी कोनाड्यांत ठेवून तिला खुरपणीला धाडतांना या पोराची आठवण ठेवा.

आतां सुटकेची गोष्ट. पुस्तकांत आपण वाचतों कीं, इंग्रजांनीं व अमेरिकनांनीं दयाळूपणानें गुलामांना स्वातंत्र्य दिलें. ही वहीहि तपासून पाहूं.

हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग फ्रेंचांकडे होता व त्याला सँ-दोमिंग म्हणत. जगांतील सर्वांत श्रीमंत वसाहत ती हीच. सुमारें पांच लाख गुलाम, आणि गोरे अवघे तीस-चाळीस हजार. १७९१ सालच्या ऑगस्टमध्यें हे गुलाम उठले. तुसाँ लूव्हेर्त्यूर हा जन्मानें गुलाम, पण लिहिणेंवाचणें शिकलेला पुरुष त्यांचा सेनापति झाला. १७९४ सालीं फ्रान्सला आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करावी लागली. पुढें नेपोलियननें १८०२ सालीं मोठी फौज पाठवून तुसाँला दग्यानें पकडलें. तो १८०३ सालीं फ्रान्समधील एका थंडगार किल्ल्यांत मेला. पण त्याच वर्षीं त्याच्या लोकांनीं नेपोलियनच्या फौजेचा पाडाव केला, आणि १८०४ सालच्या १ जानेवारीस हैती हें स्वतंत्र राष्ट्र जाहीर झालें. ज्या नेपोलियनपुढें युरोपचे राजे मुजरे करीत होते त्याच्या फौजेला उंसाच्या मळ्यांतील मजुरांनीं समुद्रांत लोटलें!

याची किंमत त्यांना भरावी लागली. १८२५ सालीं फ्रान्सनें लढाऊ जहाजें किनाऱ्यावर आणून हैतीकडून १५ कोटि फ्रँक नुकसानभरपाई कबूल करून घेतली. नुकसान कोणाचें? मळेवाल्यांचें! म्हणजे गुलामांनीं स्वतःचीच किंमत आपल्या मालकांना द्यावयाची. ती पुढें ९ कोटींवर आणली गेली. पण त्यासाठीं काढलेल्या कर्जांचें लचांड या गरीब देशाच्या मानेवर १९४७ सालापर्यंत राहिलें. आज हैती दरिद्री कां, असें विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हा आंकडा सांगावा.

इंग्लंडांतील गोष्टहि ऐका. ओलाउदा इक्वियानो या मुक्त झालेल्या गुलामानें १७८९ सालीं आपलें चरित्र छापून गांवोगांव फिरून लोकांना जागें केलें. १७९१ च्या सुमारास लाखों इंग्रज लोकांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, वेस्ट इंडीजची साखर वापरणें सोडलें. त्या स्त्रियांना तेव्हां मताचा अधिकार नव्हता. पण स्वयंपाकघराची किल्ली त्यांच्या हातीं होती, आणि ती त्यांनीं वापरली. १८०७ सालीं गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद झाला, पण गुलामगिरी चालूच राहिली. १८३१ सालच्या नाताळांत जमैकामध्यें सॅम शार्प या शिकलेल्या गुलामानें मजुरीवांचून काम करावयाचें नाहीं असा संप उभारला. त्यांतून हजारों लोकांचें बंड उठलें, तीनशेंहून अधिक गुलामांना देहान्त शिक्षा झाल्या, आणि शार्पला १८३२ सालीं फांशीं दिलें. पुढच्याच वर्षीं पार्लमेंटनें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला! दया जागी झाली खरी. पण तिला उठविण्यासाठीं कोणाला तरी फांसावर चढावें लागलें.

त्या कायद्यानें दोन कोटि पौंड वांटले. कोणाला? गुलामांच्या मालकांना. सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारें चाळीस टक्के ही रक्कम होती. तिच्यासाठीं काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ सालीं झाली. आणि ज्यांनीं जन्मभर फुकट राबून बेटें सोन्याचीं केलीं त्यांना काय मिळालें? एक छदाम नाहीं. उलट १८३८ सालापर्यंत ‘उमेदवारी’ म्हणून त्याच मालकांकडे आणखी फुकट राबावें लागलें.

याच कायद्यांत आणखी एक खुबी होती. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यांतून वगळलेला होता. आपल्या देशांत गुलामगिरीला कायद्याचा आधार नाहीं असें ठरण्यास १८४३ साल उजाडावें लागलें. आणि गुलाम सुटल्यावर ऊंस कोण तोडणार? १८३४ सालींच कलकत्त्याहून मजूर भरलेलें जहाज आफ्रिकेजवळच्या मॉरिशस बेटाकडे गेलें. पांच-पांच वर्षांच्या करारावर अंगठा घेऊन लाखों हिंदी माणसें मॉरिशस, ट्रिनिडाड, गियाना व नाताळ येथें नेण्यांत आलीं. त्यांना मजुरी होती, मुदत होती, म्हणून ही गुलामगिरी नव्हे. पण करार मोडला तर तुरुंग होता, आणि राहण्यास गुलामांच्याच चाळी होत्या. मुंबई बंदरांतून गेलेल्या मजुरांत आपले मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज आजहि मॉरिशसमध्यें मराठी म्हणवितात व गणपति बसवितात. तेव्हां हा इतिहास परक्यांचा आहे असें म्हणून आपणांस उठून जातां येत नाहीं. आफ्रिकन माणसाच्या हातांतून गळलेला कोयता आपल्याच भाऊबंदांच्या हातीं दिला गेला.

शेवटीं जोतीरावांची आठवण केल्यावांचून मला खालीं बसतां येणार नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ पर्यंत चाललें. तिकडचा कापूस बंद झाला, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईंत कंपन्यांचें पीक आलें, आणि युद्ध संपतांच पुष्कळांचीं दिवाळीं वाजलीं. मुंबईच्या बाजारानें त्या युद्धांत कापसाचा भाव वाचला. जोतीरावांनीं माणसाचा भाव वाचला. १८७३ सालीं त्यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक काढलें, आणि काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं नि:स्वार्थपणें झिजलेल्या अमेरिकेंतील सज्जन लोकांना तें अर्पण केलें. समुद्रापलीकडच्या अनोळखी गुलामाचें दुःख आपल्या शूद्रादि अतिशूद्रांच्या दुःखाशेजारीं ठेवून पाहण्याची ही दृष्टि त्या काळीं किती जणांना होती?

त्या अर्पणपत्रिकेला हात जोडून मी एकच गोष्ट पुढें जोडतों. त्या युद्धांत उत्तरेच्या सैन्यांत सुमारें एक लाख ऐंशी हजार काळे शिपाई लढले, आणि त्यांतले पुष्कळ कालपर्यंत गुलाम होते. तेव्हां ज्या सज्जनांना तें पुस्तक अर्पण झालें त्यांच्या रांगेंत हे काळे शिपाईहि उभे आहेत, असेंच आपण समजलें पाहिजे. त्यांच्या मुक्ततेचा मान दुसऱ्या कोणाच्या खात्यावर जमा होऊं देतां कामा नये. बाहेरच्या सज्जनाचे आभार अवश्य मानावे. पण बेडी तोडतांना मनगट कोणाचें सोललें हें विसरूं नये.

तर बंधुभगिनींनो, घरीं जातांना तीन प्रश्न बरोबर न्या. वस्तु फार स्वस्त मिळाली कीं विचारा, उरलेली किंमत कोणीं भरली? कोणी जन्मानें हलका आहे असें ऐकलें कीं विचारा, या म्हणण्याचा नफा कोणाला? आणि कोणी कोणाला स्वातंत्र्य ‘दिलें’ असें वाचलें कीं विचारा, भरपाई कोणाच्या घरीं गेली? हे प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाहीं; अक्षरओळख आणि थोडी हिंमत एवढेंच लागतें.